पानाला लटकलेलं घरटं

प्रश्न : मध्य अमेरिकेतल्या लाँग-बिल्ड हर्मिट या हमिंगबर्डचं घरटं पानाच्या टोकाला चिकटवल्यासारखं दिसतं. ते पडत कसं नाही? आणि नर मदत करतो का?

उत्तर : चिकटवलेलं नाही, बांधलेलं आहे. मादी चोचीत कोळ्याचा धागा धरून, उडता उडताच, हेलिकोनिया (केळीसारख्या मोठ्या पानांची वनस्पती) किंवा एखाद्या छोट्या ताडाच्या झुकत्या पानाच्या टोकाभोवती वेढे घालते. त्यात वनस्पतींचे तंतू गुंफून पानाच्या आतल्या बाजूला वाटी तयार करते. खाली थोडे तंतू शेपटीसारखे लोंबत राहतात. वर पानाचंच छप्पर, त्यामुळे पाऊस थेट आत येत नाही. धागा ताणला जातो, तुटत नाही. पिल्लं वाढतात तशी वाटीही सैल होते. पक्षी जेमतेम ६ ग्रॅमचा, म्हणून पानाला भार सोसतो. पान फाटलं किंवा वाळून गळालं, तर मात्र सगळंच गेलं.

अंडी दोन, पांढरी. मादी पानाकडे तोंड करून बसते, आणि लांब चोच आडवी येते म्हणून मान मागे टाकून ती वर धरते. मोठी गैरसोयीची बैठक!

नराची मदत शून्य. तो दाट झुडपात, जमिनीपासून हातभर-दोन हात उंचीवर बसून माद्यांना बोलावण्यासाठी शेपटी हलवत एकसुरी आवाज काढत राहतो. अशा मैफलीला कधी कधी वीसेक नर जमतात. कोस्टारिकातल्या ला सेल्वा इथल्या अभ्यासात दिसलं, की प्रौढ नरांच्या चोचीचं टोक माद्यांपेक्षा अणकुचीदार असतं आणि जागेच्या भांडणात ते भोसकायला वापरलं जातं.