वाचक विचारतात : तीर डावीकडेच का जातात?

प्रश्न : माझं ६२ इंची लाकडी रिकर्व्ह (शेंडे पुढे वळलेलं धनुष्य) आहे. त्यावर ‘४० पाउंड, २८ इंच’ असं लिहिलंय, म्हणजे दोरी २८ इंच खेचली की ४० पाउंडांचा जोर. माझी खेच २७ इंच, दोरी उजव्या हाताने ओढते, तीर थेट शेल्फवरून, म्हणजे मुठीवरच्या खाचेवरून, सोडते. तीर कार्बनचे, ४०० स्पाइन (दांडी किती वाकते त्याचा आकडा), १०० ग्रेनचं (ग्रेन हे वजनाचं लहान माप) टोक. १५ मीटरवर सगळे डावीकडे पडतात. नेम उजवीकडे सरकवू का?

उत्तर : नेम अजिबात हलवू नका, तीर बदला. २८ इंचांवरच्या दोन टेकूंवर शाफ्ट (तिराची दांडी) ठेवून मधोमध ८८० ग्रॅम वजन टांगलं की तो ४०० स्पाइनला ०.४ इंच वाकतो, ६०० ला ०.६ इंच. म्हणजे आकडा मोठा तितका तीर मऊ. शेल्फवरून सुटणाऱ्या तिराला रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) वळसा घालून जायचं असतं. फार कडक तीर वाकतच नाही, बाजूला ढकलला जातो. २७ इंचांवर तुमच्या हातात जेमतेम ३८ पाउंड येतात. ६०० स्पाइनचे पूर्ण लांबीचे शाफ्ट आणि १२५ ग्रेनची टोकं घ्या. दुकानात कापून घेऊ नका.

आता जुळणी. दोरीवरची नॉकची (तिराच्या मागच्या खाचेची) खूण, तीर दोरीशी काटकोनात बसतो त्या जागेपेक्षा अर्धा इंच वर बांधा. मग १० मीटरवरून तीन पिसांचे आणि तीन बिनपिसांचे तीर सोडा. बिनपिसांच्या तिरांवर पिसांच्या वजनाइतकी चिकटपट्टी मागे गुंडाळा, नाहीतर तोल बदलतो. आधी वर-खाली बघा : बिनपिसांचे पिसांच्या तिरांपेक्षा खाली पडले तर खूण थोडी उतरवा, वर पडले तर चढवा. ते जुळल्यावरच डावं-उजवं. बिनपिसांचे उजवीकडे गेले तर तीर मऊ आहे. पाव-पाव इंच कापत जा. डावीकडे गेले तर कडक. टोक जड करा.

इथे एक चकवा आहे आणि त्यापायी चांगले तीर वाया जातात. फारच मऊ तिराची शेपटी रायझरवर आपटते, तीर डावीकडे उडतो आणि कडक असल्यासारखा वाटतो. शाफ्टच्या मागच्या भागाला टाल्कम पावडर लावून बघा. ती पुसली गेली असेल तर तीर आपटतोय. अशा वेळी टोक जड केलं तर तो आणखी बिघडतो.

प्रश्न : प्लास्टिकचे पंख चालतील का?

उत्तर : शेल्फवरून नाही. पीस शेल्फला घासताना दबतं, प्लास्टिक तिराला उडवतं. पाच इंची तीन पिसं लावा.