पोरगी अजून शिकूनच राहिली का?

प्रश्न : पोरीनं खगोलशास्त्रात पीएचडी केली. आता जर्मनीत ‘पोस्टडॉक’ मिळालं, दूरच्या ग्रहांच्या हवेचं मॉडेल करायचं म्हणते. सोयरे विचारतात, अजून शिकूनच राहिली का? अन् जो ग्रह दिसतच नाही, त्याची हवा कशी समजते?
– एक कापूस उत्पादक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, सोयऱ्यांना सांगा, शिक्षण झालं, पोस्टडॉक ही पीएचडीनंतरची संशोधनाची पगारी नोकरी आहे. कायमची नव्हे, बहुधा दोन-तीन वर्षांच्या कराराची. पुढच्या जागेचा घोर तिला असेलच, तेव्हा लग्नाचा विषय सध्या काढू नका.

आता हवा. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा थोडा उजेड ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. प्रत्येक वायू त्यातल्या ठरावीक तरंगलांबी, म्हणजे उजेडातले ठरावीक रंग, शोषतो; काय गायब झालं त्यावरून वायू ओळखतात. वॅस्प-३९बी हा ग्रह सुमारे ७०० प्रकाशवर्षं दूर. तिथे जेम्स वेब दुर्बिणीला २०२२ मध्ये कार्बन डायऑक्साइड सापडला. पुढे सल्फर डायऑक्साइडही दिसला. तो ताऱ्याच्या उजेडामुळे होणाऱ्या रासायनिक क्रियांतून तयार होतो, हे मॉडेलांमुळेच उलगडलं.

तुमची मुलगी असंच काही करेल : तापमान, वायूंचं प्रमाण, ढग गृहीत धरून संगणकाकडून वर्णपट (कोणत्या तरंगलांबीचा उजेड किती, याचा आलेख) काढायचा अन् दुर्बिणीच्या वर्णपटाशी ताडून पाहायचा. जुळला नाही की पुन्हा गणित. ढग फार छळतात, खालचे वायू झाकून टाकतात. आपल्याला मृगाचे ढग हुलकावणी देतात. काही तापलेल्या ग्रहांवर तर वाळूसारख्या सिलिकेट खनिजांचे ढग असतात. तिच्या वाट्याला कोणता ग्रह आलाय, फोनवर विचारा. खुशीनं सांगेल.