यात विनोद कुठे आहे?

फ्रेंच व्यंगचित्रकार दोमिएचं 'रू त्रांसनोनँ' (पॅरिसच्या एका गल्लीचं नाव) हे १८३४ चं चित्र बघून तुम्ही विचारलंत, 'हे व्यंगचित्र कसं? यात हसण्यासारखं काय आहे?' काहीच नाही. चित्र छापणाऱ्या शार्ल फिलिपोंनेही तेव्हाच लिहिलं होतं की हे व्यंगचित्र नव्हे.

पण आधीची चित्रं पाहिल्याशिवाय ह्याचा धक्का कळत नाही. १८३१ मध्ये ह्याच फिलिपोंवर राजाच्या बदनामीचा खटला चालला. त्याने कोर्टातच चार चित्रं काढून दाखवली: राजा लुई-फिलिपचा चेहरा पायरीपायरीने नासपती होत जातो. आता सांगा, यातल्या कुठल्या चित्रासाठी शिक्षा देणार? फ्रेंच बोलीत नासपती म्हणजे बावळटही. शिक्षा झालीच, पण पॅरिसच्या भिंतींवर पोरंटोरं नासपती काढू लागली. दोमिएचा 'गार्गांत्युआ' त्याच वर्षअखेरचा. गार्गांत्युआ म्हणजे राबलेच्या कादंबरीतला खादाड राक्षस, इथे तो राजाच. गरिबांच्या पैशाच्या टोपल्या फळीवरून राजाच्या तोंडात रिकाम्या होतात आणि खालून सनदा, पदकं पडतात. बसलाय कशावर ते नीट बघा! त्यापायी दोमिएला सहा महिने कैद आणि ५०० फ्रँक दंड.

मग आला एप्रिल १८३४. पॅरिसमध्ये दंगल उसळली. १५ तारखेला रू त्रांसनोनँमधल्या १२ नंबरच्या घरातून गोळी आली म्हणत सैनिक आत घुसले आणि दिसेल त्याला मारलं. दोमिएने सैनिक दाखवलेच नाहीत. अंथरुणातून ओढल्यासारखा पडलेला माणूस, डोक्याला रात्रीची टोपी, सगळा उजेड त्याच्या सदऱ्यावर. मला ते मूल पहिल्यांदा दिसलंच नव्हतं. बापाच्या अंगाखाली त्याचं डोकं आहे. उजवीकडे म्हातारा, डावीकडे अंधारात बाई, एक उलथलेली खुर्ची. नासपती नाही, टोमणा नाही. खाली फक्त गल्लीचं नाव आणि तारीख.

हे जमलं दगडामुळे. आपल्याकडे ज्याला शिळाछाप म्हणायचे, तेच तंत्र. चुनखडीच्या गुळगुळीत दगडावर चरबीयुक्त खडूने काढायचं, दगड ओला करायचा, शाई फक्त चरबीला धरते. तांब्यावर कोरत बसायला नको, चित्रकाराचा हात थेट कागदावर उतरतो. दोमिएने आयुष्यात अशी सुमारे ४००० चित्रं केली. गैरसोय एकच: दगड पोलिसांच्या हाती लागला की संपलं. 'रू त्रांसनोनँ'चा दगड आणि हाती लागलेल्या प्रती त्यांनी जप्त केल्या. हे चित्र मुळात निघालंही होतं फिलिपोंच्या वर्गणीदारांसाठीच्या मासिक चित्रमालेत, आणि ती वर्गणी कशासाठी, तर त्याच्या वृत्तपत्रांवरचे दंड भरायला!

पुढच्या वर्षी राजावर हल्ला झाला आणि सप्टेंबरचे कायदे आले. लेख छापण्याआधी सरकारला दाखवायची गरज नव्हती, चित्राला मात्र पूर्वपरवानगी. सरकारचा युक्तिवाद असा की शब्द म्हणजे मत, चित्र म्हणजे कृती. दोमिए मग वकील, ठग, घरमालक यांच्याकडे वळला. त्याची वकिलांची चित्रं जरूर बघा, तिथे तुम्हाला हवा तेवढा विनोद आहे.