तानपुऱ्यावरच्या गाण्यासाठी कोणता रिव्हर्ब प्लगइन घ्यावा?

तुमचा प्रश्न असा: घरी दहा बाय दहाच्या खोलीत अभंग आणि भावगीतं रेकॉर्ड करता, साथीला मोबाईलमधला तानपुरा, पेटी आणि तबला, सॉफ्टवेअर रीपर, पाच हजारांपर्यंत एकच रिव्हर्ब (आवाजाला जागेची घुमण देणारा, सॉफ्टवेअरला जोडायचा छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन) घ्यायचा आहे, तर कोणता?

थेट सांगतो. आत्ता पैसे खर्च करू नका. रीपरसोबत रियाव्हर्ब आलेलाच आहे, तो आधी नीट वापरून बघा. त्यानंतरही घ्यावासा वाटला तर व्हॅल्हालाचा व्हिंटेजव्हर्ब घ्या. ५० डॉलर एकदाच भरायचे, दर महिन्याचं भाडं नाही. तुमच्या बजेटच्या आसपास बसतो.

यूट्यूबवरचे बहुतेक सल्ले ज्या गाण्यांसाठी असतात, त्यांत कॉर्ड सतत बदलत असतात. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा सुरुवातीपासून शेवटपर्यंत कानात असतो. त्यामुळे रिव्हर्बच्या टेलमध्ये, म्हणजे गाणं थांबल्यावर मागे उरणाऱ्या घुमण्यात, सुराचं जे काही होतं, ते आपल्या गाण्यात लपत नाही. भैरवीतला एखादा अभंग घ्या. कोमल रिषभावर जरा थांबून तुम्ही षड्जावर उतरता. टेल तीन सेकंदांची असेल तर सा लागल्यावरही तो कोमल रे मागे रेंगाळतो आणि तानपुऱ्याच्या सा ला घासतो. जिथे कानाला विश्रांती मिळायला हवी, तिथेच गढूळपणा येतो. मींडेचंही तेच. दोन सुरांमधला सगळा प्रवास लांब टेलमध्ये एकावर एक साचतो.

त्याहून मोठा मुद्दा मॉड्युलेशनचा, म्हणजे टेलमधला आवाज मुद्दाम हलता ठेवण्याचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी लोक बोलतात. लेक्सिकॉन २२४ हे डिजिटल रिव्हर्बचं यंत्र १९७८ साली आलं. त्या काळच्या डिजिटल रिव्हर्बमध्ये मेमरी फार कमी असे. मोजक्याच डिलेंवर (आवाज थोड्या उशिराने परत सोडणाऱ्या भागांवर) काम भागवायचं, तर टेलमध्ये ठरावीक सुरांवर धातूसारखी झंकार उरते. ती लपवण्यासाठी ते डिले सतत किंचित हलते ठेवायची पद्धत पडली. त्यातून जो मऊ, तरंगता आवाज मिळतो तो लोकांना इतका आवडला, की आजचे कितीतरी प्लगइन तोच आवाज मुद्दाम देतात. पण डिले हलला की सूरही हलतो. गिटार-ड्रमच्या भरण्यात ते सुंदर वाटतं. स्थिर तानपुऱ्यावर तुम्ही लांब षड्ज लावलात की तीच टेल बारीकशी बेसूर ऐकू येते. मग आपलाच सा हलतोय असं गाणाऱ्याला वाटतं. मला हे मनापासून खटकतं, कारण मेहनतीने लावलेला सूर यात मशीन बिघडवतं.

म्हणून मी आधी रियाव्हर्ब सांगितला. तो कन्व्होल्यूशन जातीचा आहे. एखाद्या खऱ्या जागेत आवाज सोडून ती जागा कशी घुमते त्याची फाइल बनवतात, तिला इम्पल्स रिस्पॉन्स म्हणतात. प्लगइन तुमचा आवाज त्या फाइलमधून काढतो. त्यात हलणारं काही नसतं, सूर जसा गायलात तसाच परत येतो. रियाव्हर्बमध्ये फाइल आपण घालायची असते. यॉर्क विद्यापीठाच्या ओपनएअर संग्रहात अशा फाइली मोफत मिळतात. प्रत्येकीची परवान्याची अट मात्र वाचून घ्या. यॉर्क मिन्स्टरसारखी प्रचंड कॅथीड्रलं बघून मोह होईल, पण अभंगाच्या शब्दांचा तिथे काला होतो. मध्यम आकाराचं सभागृह किंवा छोटं चर्च निवडा. टेल मोठी वाटली तर रियाव्हर्बमध्येच लांबी कापता येते.

मग व्हिंटेजव्हर्ब कशाला? कन्व्होल्यूशनमध्ये जागेचा स्वभाव ठरून गेलेला असतो, फार बदलता येत नाही. व्हिंटेजव्हर्बमध्ये एका गाण्याला प्लेट (धातूच्या पत्र्याची घुमण), दुसऱ्याला हॉल (सभागृहाची), डिके (घुमणं विरायला लागणारा वेळ) हवा तेवढा, आणि मुख्य म्हणजे मॉड्युलेशनची खोली शून्यापर्यंत खाली आणता येते. त्यात आवाजाचे जे रंग निवडता येतात, त्यांमध्ये ‘नाऊ’ सगळ्यात स्वच्छ. सत्तरच्या दशकाचा रंग धूसर आणि खरखरीत आहे, भावगीताच्या एखाद्या अंतऱ्याला शोभेल, रोजच्या कामाला नको. त्याच कंपनीचा सुपरमॅसिव्ह फुकट मिळतो म्हणून सगळे सुचवतात. तो अवाढव्य ढगांसारख्या आवाजांसाठी आहे, शब्दप्रधान गायकीला त्याचा उपयोग नाही.

व्हिंटेजव्हर्बचा डेमो उतरवून घ्या आणि एकच चाचणी करा. तानपुरा चालू ठेवून चार सेकंदांचा सा गा आणि थांबा. आता फक्त रिव्हर्ब आणि तानपुरा ऐका. मॉड्युलेशन पूर्ण वर नेऊन ऐका, मग शून्यावर आणून. फरक तुमच्या कानाला लगेच कळेल, तुम्ही गाणारे आहात. दोन प्लगइनची तुलना करताना दोघांचा आवाज सारख्या पातळीवर ठेवा, नाहीतर जो मोठा तोच चांगला वाटतो.

खोलीबद्दल बोलायलाच हवं. दहा बाय दहाच्या उघड्या भिंती आवाजाला डब्यासारखं करतात, आणि रिव्हर्ब ते आणखी फुगवून दाखवतो. कार्डिऑइड माइक समोरून ऐकतो, म्हणून जाड गोधडी तुमच्या पाठीमागे टांगा. सगळे माइकच्या मागे फोम लावतात, त्याने कमी फरक पडतो. माझ्या मते पाच हजारांच्या कोणत्याही प्लगइनपेक्षा हे आधी करावं.

रिव्हर्ब गाण्याच्या ट्रॅकवर थेट टाकू नका. वेगळा ट्रॅक करा, तिथे प्लगइन शंभर टक्के वेट ठेवा (म्हणजे त्यातून फक्त घुमणं येईल, मूळ आवाज नाही) आणि गाणं, पेटी यांची प्रत तिकडे सेंड करा. प्लगइनच्या आधी इक्यू (आवाजाचा खालचा-वरचा भाग कमीजास्त करणारं साधन) लावून सुमारे ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० किलोहर्ट्झच्या वरचं कापा. अ‍ॅबी रोड स्टुडिओच्या नावाने ही युक्ती ओळखली जाते, आणि पेटीच्या खर्जाला व ‘श’, ‘स’च्या सिसकारीला ती फार चांगली लागू पडते. ६०० ला आवाज पातळ वाटला तर ३०० पर्यंत खाली या.

प्री-डिले, म्हणजे मूळ आवाज आणि घुमणं यांतलं अंतर, लयीवरून काढा. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत एक मात्रा ७५० मिलिसेकंदांची, तिचा सोळावा भाग साधारण ४७. एवढं अंतर ठेवलं की व्यंजन आधी स्पष्ट उमटतं आणि घुमणं त्यानंतर सुरू होतं. डिके दीड सेकंदापासून सुरू करा, संथ भावगीताला दोनपर्यंत न्या.

तानपुऱ्याला जवळजवळ काही नको. तो अखंड वाजतो, त्याची टेल वेगळी ऐकूच येत नाही, नुसता थर वाढतो. तबल्याला तोच रिव्हर्ब गाण्यापेक्षा बराच कमी द्या. तबला आणि डग्गा यांना वेगवेगळे माइक असतील तर रिव्हर्ब फक्त उजव्या तबल्याच्या माइकला द्या. डग्गा कोरडाच ठेवा, त्याची घुमक त्याच्याजवळ आहेच.