साडेअकरा ते चार

"ताई, मी केज तालुक्यातल्या एका वस्तीवर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. पहिली ते चौथी, आम्ही दोघंच शिक्षक. राहायला अंबाजोगाईत, रोज जीपनं जाते-येते. दिवाळी झाली की निम्म्या लेकरांचे आईबाप कोयता घेऊन कारखान्याला जातात, लेकरं आजीजवळ राहतात. त्यांच्या वेण्यासुद्धा मीच घालते. शाळेत रेंज नाही, पोषण आहाराची माहिती भरायला रोज टेकडीवर चढावं लागतं. माझी मुलगी सहावीत, इंग्रजी शाळेत आहे. ती सगळं आजीला सांगते, माझ्याशी तुटक बोलते. तिला शनिवारी सुट्टी असते. माझी सकाळची शाळा असली तरी माहिती भरत बसावं लागतं, घरी यायला चार वाजतात. परवा मोबाईलवर शाळेतला फोटो बघून म्हणाली, 'त्यांच्या वेण्या घालायला बरा वेळ असतो तुला.' सासूबाई तिचे कान भरतात. राजीनामा द्यावासा वाटतो. काय करू?"

बाई,

राजीनाम्याचं आधी उरकून टाकते. द्यायचा नाही. तुम्ही घरी बसलात तर पंधरा दिवसांत तुम्ही आणि लेक, दोघी एकमेकींना कंटाळाल.

सासूबाईंचंही उरकते. तुम्ही उजाडायच्या आत घर सोडता. त्यानंतर त्या पोरीची वेणी, डबा, दुपारचं जेवण कोण बघतं? कान भरत असतील त्या, पण पोटही त्याच भरतात. त्यांच्यावर माझ्याकडून एक शब्द मिळणार नाही.

आता मला टोचलं ते सांगते. तुमच्या पत्रात एका जागी आहे, शाळेत रेंज नाही. चार ओळी खाली आहे, शनिवारी माहिती भरत बसते म्हणून चार वाजतात. बाई, रेंज नसलेल्या शाळेत कुठली माहिती भरता तुम्ही? शनिवारची शाळा साडेअकराच्या सुमाराला सुटते. जीप भरायची वाट बघण्यात अर्धापाऊण तास गेला, रस्त्यात एक म्हैस आडवी आली, असं सगळं धरलं तरी दीड वाजता तुम्ही घरात पाहिजेत. उरलेले अडीच तास कुठे जातात?

मला ठाऊक आहे कुठे जातात, कारण मीही थांबायचे. परभणी जिल्ह्यात माझी सगळी नोकरी झाली. शनिवारी लेकरं पांगली, खिचडीची भांडी घासून स्वयंपाकीण मावशी घरी गेल्या, की मी कुलूप हातात घेऊन पायरीवर बसायचे. चिंचेची सावली, वारं, आणि कुणाची हाक नाही. घरी पाऊल टाकलं की "आलीस का" पासून सुरू होणार हे माहीत असायचं. उशीर का झाला असं कुणी विचारलंच, तर "माहिती द्यायची होती, अर्जंट." आपल्या खात्यात या एका शब्दाला कुणी उलटा प्रश्न विचारत नाही. तेव्हा माहिती कागदावर जायची, आता मोबाईलवर जाते, एवढाच फरक.

तुम्ही खोटं बोलताय असं मी म्हणत नाही. दहा शनिवारांतले चार खरंच कामाचे असतील. उरलेल्या सहांचं मी बोलते आहे.

आणखी एक. जुलै 2018 पासून आपल्याला बालसंगोपन रजा मिळते, सबंध नोकरीत 180 दिवस, मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत. राजीनाम्यापर्यंत पोचलेल्या तुमच्या पत्रात या रजेचा उल्लेखही नाही. केंद्रप्रमुख काय म्हणतील म्हणून मागितली नाही, असं तुम्ही सांगाल. मला वाटतं, ते दिवस घरात काढावे लागतील याची धास्ती आहे. शाळेत तुम्ही बाई असता, लेकरं दप्तर टाकून पळत येतात. ज्या पोरीची आई सांगली-कोल्हापूरकडे फडात मोळ्या बांधते आहे, तिला तुम्ही दोन वेण्या घातल्या की ती दिवसभर मिरवते. घरची पोर हिशेब मागते. कुणाला आवडेल लवकर घरी जायला?

पण तुमची लेक फोटो बघून जे बोलली, त्यात सासूबाईंची शिकवण मला कुठे दिसली नाही. ती शनिवारी सकाळपासून घरी असते आणि तिला घड्याळ कळतं. माझा मुलगा बारा वाजताच्या गाडीला स्टँडवर येऊन उभा राहायचा. किती शनिवार, कोण जाणे. तो नोकरीला लागल्यावर एकदा जेवता जेवता सहज बोलून गेला. मी पुढचा घास खाल्ला आणि दुसरं काहीतरी विचारलं.

तेव्हा एकच करा. येत्या शनिवारी लेकीला शाळेत घेऊन जा. 'ये की एकदा' असं मोघम बोलू नका, शुक्रवारी रात्री तिचे कपडे काढून ठेवा. ती नाक मुरडेल, मुरडू द्या. तिचा डबा घरून न्या. पोषण आहारातल्या माणशी 100 ग्रॅम तांदळाच्या हिशेबात पाहुणी बसवताना काय होतं ते मला माहीत आहे. वर्गात तिची ओळखबिळख करून देऊ नका. पहिलीची चार लेकरं आणि अक्षरकार्डं तिच्यापुढं ठेवा आणि तुम्ही तिसरी-चौथीकडे वळा. तिच्या इंग्रजी शाळेत तिला कुणी बाई म्हणत नाही. इथं दहा मिनिटांत म्हणतील.

शाळा सुटल्यावर लगेच निघायची घाई करू नका. कुलूप लावा आणि तुम्ही जिथं बसता तिथं तिला घेऊन बसा. तिनं विचारलं, "तू रोज इथं बसतेस?" तर माहितीचं नाव काढू नका. हो म्हणा, आणि ती का कसं म्हणून विचारेल त्याची खरी उत्तरं द्या. अकरा वर्षांच्या पोरीला पुष्कळ कळतं. वेणी घालू का, असं मात्र त्या दिवशी विचारू नका. लाच वाटेल तिला. तिनं स्वतः केस सोडून पाठ तुमच्याकडे केली, तरच फणी हातात घ्या.

जीपमध्ये तिला पुढं, खिडकीशी बसवा. मागच्या फळकुटावर तिला पहिल्याच वळणाला मळमळेल.