खेळाचं नाव आधी सांगा

मागच्या अंकात मी लिनक्सबद्दल, म्हणजे विंडोजऐवजी संगणक चालवणाऱ्या मोफत प्रणालीबद्दल, ओझरतं दोन ओळी लिहिल्या आणि त्याची फळं आता भोगते आहे. या वेळच्या निम्म्याहून जास्त पत्रांत एकच प्रश्न: ‘लिनक्सवर गेम चालतात का?’ अहो, ‘पुस्तकं वाचनीय असतात का’ असं विचारल्यासारखं झालं हे. कोणता गेम? कोणतं ग्राफिक्स कार्ड? ज्यांनी या दोन गोष्टी लिहिल्या, किंवा निदान एक तरी लिहिली, त्यांची, आणि वेगळाच प्रश्न विचारणाऱ्या दोघा-तिघांची, पत्रं इथे घेतली आहेत. बाकीच्यांनी रुसू नये, पुन्हा लिहावं.

प्रश्न: ताई, आमच्या संगणकावर विंडोज १० होतं. विंडोज ११ त्यावर बसत नाही, म्हणून भाच्याने लिनक्स मिंट टाकून दिलं. माझं काम छान चाललंय, पण चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी अबोला धरलाय. म्हणतो, व्हॅलोरंट चालत नाही, फोर्टनाइट चालत नाही. वर असंही सांगतो की एल्डन रिंग मित्राच्या लिनक्सवर व्यवस्थित चालतं. एक चालतं, दुसरं नाही, हे कसं? मला गंडवतोय का? – एक आई

उत्तर: नाही हो, अक्षरशः खरं बोलतोय. अबोला आधी तुम्हीच सोडवा.

विंडोजसाठी लिहिलेला गेम लिनक्सवर चालतो तो एका दुभाष्यामुळे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात या दुभाष्याचं नाव प्रोटॉन. गेम विंडोजच्या भाषेत काही मागतो, प्रोटॉन ते लिनक्सला समजेल असं करून देतो. गेमला पत्ताच लागत नाही की आपण दुसऱ्याच घरात आहोत. एकट्याने खेळायचे बहुसंख्य गेम असे बिनबोभाट चालतात.

घोडं अडतं ते इतरांबरोबर ऑनलाइन खेळायच्या गेममध्ये. तिथे लबाडी पकडायला पहारेकरी असतो, त्याला अँटी-चीट म्हणतात. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड हा पहारेकरी थेट विंडोजच्या कर्नलमध्ये, म्हणजे अगदी तळघरात जाऊन बसतो. प्रोटॉन विंडोजची भाषा बोलतो, पण त्याच्याकडे विंडोजचं तळघर नाही. पहारेकरी उभा राहणार कुठे? लीग ऑफ लेजंड्सही २०२४ मध्ये हाच पहारेकरी आल्यावर लिनक्सवरून गेलं.

फोर्टनाइटची गंमत वेगळी आहे. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या दोन मोठ्या पहारेकऱ्यांनी सप्टेंबर २०२१ मध्येच प्रोटॉनला पाठिंबा जाहीर केला. मात्र दार उघडायचं की नाही, हे प्रत्येक गेमच्या मालकाने ठरवायचं. एल्डन रिंगमध्ये इझी अँटी-चीट आहे आणि तिथे दार उघडं आहे. आणि फोर्टनाइट? ज्या एपिक कंपनीकडे इझी अँटी-चीटची मालकी आहे, तिचाच तो गेम, आणि तिथेच दार बंद. तेव्हा ‘चालत नाही’ हे दोन प्रकारचं असतं: यंत्राला जमत नाही, किंवा मालकाला नको आहे. दुसऱ्या प्रकारावर तुमच्या भाच्याकडेच काय, कोणाकडेही औषध नाही.

उघडं दार बंदही होतं, हे ध्यानात असू द्या. एपेक्स लेजंड्स लिनक्सवर चालत होतं, ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस बंद केलं. जीटीए ५ चा ऑनलाइन भाग त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बॅटलआय आल्यावर गेला, एकट्याने खेळायची कथा मात्र चालते. म्हणून ऑनलाइन गेम विकत घेण्याआधी ‘आर वुई अँटी-चीट येट’ या संकेतस्थळावर त्याचं नाव शोधा आणि नोंद केव्हाची आहे तेही बघा. ‘हमखास युक्ती’ सांगणाऱ्या व्हिडिओंच्या नादी चिरंजीवांना लागू देऊ नका. पहारेकऱ्याला चकवताना सापडलं तर खातं कायमचं बंद होतं.

मित्रांबरोबरच खेळायचं असेल तर माइनक्राफ्टची जावा आवृत्ती बघा. तिला दुभाष्याची गरजच नाही.

प्रश्न: तुम्ही लिनक्सवाले फार बढाया मारता. वाइन काय नि प्रोटॉन काय, शेवटी एम्युलेटरच. एम्युलेटर म्हटलं की वेग मेला. सरळ विंडोज घ्या म्हणून का सांगत नाही? – स्पष्टवक्ता

उत्तर: सांगते की. वर एका आईला जवळपास तेच सांगितलं. पण ‘एम्युलेटर’वर माझी हरकत आहे, आणि वाइनचीसुद्धा. (वाइन म्हणजे प्रोटॉनच्या पोटातला मूळ दुभाषा.) ‘वाइन इज नॉट ॲन एम्युलेटर’ हे त्या नावाचं पूर्ण रूपच आहे. एम्युलेटर म्हणजे एका प्रोसेसरवर दुसऱ्या प्रोसेसरचं सोंग. इथे प्रोसेसर तोच, गेमचा कोडही थेट त्याच्यावरच चालतो. बदलतात त्या विंडोजकडे केलेल्या मागण्या.

वेगाबद्दल तुमचा अनुभव जुना असेल तर तो खोटा नाही. वाइनचं काम १९९३ पासून चालू आहे आणि १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं. पंधरा वर्षं घोंगडं भिजत होतं म्हणा ना. मी तेव्हा वाइनवर एक शर्यतीचा गेम लावला होता. गाडी वळण घ्यायची आणि रस्ता मागून यायचा.

फरक पडला तो डायरेक्टएक्सच्या भाषांतरामुळे. विंडोजचे गेम चित्रं काढण्यासाठी डायरेक्टएक्स वापरतात. पूर्वी त्याचं भाषांतर ओपनजीएल या चित्रं काढायच्या दुसऱ्या भाषेत व्हायचं आणि ते अडखळायचं. २०१६ मध्ये व्हल्कन आलं, ओपनजीएलपेक्षा हार्डवेअरच्या बरंच जवळचं. मग फिलिप रेबोले नावाच्या प्रोग्रॅमरला ‘निअर: ऑटोमाटा’ हा गेम लिनक्सवर खेळायचा होता, म्हणून त्याने डायरेक्टएक्स ११ चं व्हल्कनमध्ये भाषांतर करणारं डीएक्सव्हीके लिहायला घेतलं. एका गेमच्या हट्टापायी! स्टीमवाल्या व्हॉल्व कंपनीने त्याला आर्थिक पाठबळ दिलं आणि ऑगस्ट २०१८ मध्ये वाइन, डीएक्सव्हीके वगैरे एकत्र बांधून प्रोटॉन आणला. २०२२ मध्ये आलेला त्यांचा स्टीम डेक हातात धरून खेळायचा लिनक्स संगणकच आहे. अमुक गेम विंडोजपेक्षा थोडा हळू, तमुक थोडा वेगवान, असं आता चालतं. जुन्या अनुभवावर नवा वाद घालू नका, एवढंच.

प्रश्न: माझं ग्राफिक्स कार्ड बारा वर्षांपूर्वीचं, एन्व्हिडियाचं, केप्लर पिढीतलं आहे. उबुंटू हे लिनक्स टाकलं. २०११ सालचा स्कायरिम लावतो तर खिडकी उघडते आणि मिटते. एवढा जुना गेमही चालू नये? – वैतागलेला

उत्तर: तुमचं पत्र वाचून मला माझाच एक अख्खा रविवार आठवला. माझ्याकडेही असंच म्हातारं कार्ड होतं. मी ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, तीनदा काढून घातला, गेम दोनदा नव्याने उतरवला, शेवटी केबलसुद्धा बदलली. केबलचा काय संबंध, विचारू नका. माणूस त्या अवस्थेत काहीही करतो.

गोम अशी की गेम जुना असला तरी दुभाषा नवा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये डीएक्सव्हीकेची २.० आवृत्ती आली, तिला व्हल्कन १.३ लागतं. केप्लर पिढीसाठीचा शेवटचा ड्रायव्हर ४७० मालिकेतला, आणि तो व्हल्कन १.२ शीच थांबतो. प्रोटॉन ८ पासून पुढे नवं डीएक्सव्हीके आहे, म्हणून खिडकी उघडून मिटते. प्रोटॉन ७ मध्ये जुनं आहे.

तेव्हा स्टीममध्ये त्या गेमच्या नावावर उजवी क्लिक करा, ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा, तिथे ‘कम्पॅटिबिलिटी’. विशिष्ट प्रोटॉन वापरण्याच्या चौकटीत खूण करून यादीतून ७.० निवडा. बस. सगळ्यात नवी आवृत्ती सगळ्यात चांगली, ही सवय इथे उलटते. डायरेक्टएक्स १२ चे गेम मात्र या कार्डावर विसरा, तिथे आवृत्त्या बदलून उपयोग नाही.

त्याआधी एक खात्री करा. संगणकाच्या माहितीच्या पानावर ग्राफिक्सपुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ असं काही दिसतंय का? दिसत असेल तर कार्ड स्वस्थ बसलंय आणि चित्रं प्रोसेसर काढतोय. म्हणजे ड्रायव्हर बसलेलाच नाही. मग आधी तो बसवा, प्रोटॉनची गोष्ट नंतर.

प्रश्न: मॅडम, एकाच संगणकावर विंडोज आणि फेडोरा हे लिनक्स, दोन्ही आहेत. विंडोजच्या भागात विचर ३ हा भलामोठा गेम आधीच उतरवलेला आहे. तोच फेडोरातल्या स्टीमला दाखवला. कधी चालू होतो, कधी नाही. पुन्हा उतरवायचा कंटाळा येतो. – काटकसरी

उत्तर: कंटाळा समजते, पण उतरवाच. किंवा निदान कॉपी करा.

विंडोजचा भाग एनटीएफएस पद्धतीने आखलेला असतो. प्रोटॉन प्रत्येक गेमसाठी एक छोटं खोटं विंडोज तयार करतो आणि त्यात सी ड्राइव्हसाठी ‘सी’पुढे कोलन असलेल्या नावाचा दुवा ठेवतो. लिनक्सला ते नाव चालतं, विंडोजला फाइलच्या नावात कोलन वर्ज्य. मग विंडोज कधीतरी डिस्क तपासतं, ही चूक ‘दुरुस्त’ करतं आणि तुमचा गेम रुसतो. शिवाय विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर बंद करताना ते पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं. अशा वेळी लिनक्स तो भाग फक्त वाचू देतं, लिहू देत नाही. ‘कधी चालतो, कधी नाही’चं उत्तर बहुधा इथेच आहे.

लिनक्सच्या स्वतःच्या ईएक्सटी४ किंवा बीटीआरएफएस भागात गेमसाठी जागा करा, फोल्डर तिथे कॉपी करा आणि स्टीमला फाइल्स तपासायला सांगा. सगळं नव्याने उतरणार नाही, कमी पडेल तेवढंच उतरेल. आणि स्टीम फ्लॅटपॅकमधून, म्हणजे ॲप बंदिस्त डब्यात देणाऱ्या पद्धतीतून, घेतलं असेल तर त्याला दुसरी डिस्क आपोआप दिसत नाही, परवानगी द्यावी लागते.

प्रश्न: गेम सुरू करताना ‘व्हल्कन शेडर्स’ असं काही येऊन टक्केवारी रेंगाळते. हँग झालाय का? – उतावीळ

उत्तर: नाही. गेममधल्या प्रकाश-सावल्यांच्या सूचना तुमच्या कार्डाच्या भाषेत आधीच करून ठेवतोय, म्हणजे खेळताना झटके बसत नाहीत. ड्रायव्हर बदलला की हे पुन्हा होतं. ‘स्किप’ दाबलंत तरी पाप लागत नाही. मी तर कायम तेच दाबते.

प्रश्न: मी आजोबा आहे. सात वर्षांच्या नातीबरोबर खेळायचंय. खातं काढणं, विकत घेणं, दुभाषे, काहीही नको. मारामारीही नको. – आजोबा

उत्तर: आजोबा, तुमच्यासाठी सुपरटक्सकार्ट. मोफत, लिनक्ससाठीच जन्मलेला, तुमच्या लिनक्सच्या सॉफ्टवेअर यादीत नाव टाइप केलंत की सापडेल. गाड्यांच्या शर्यती आहेत आणि गाडीत पेंग्विन बसलेला आहे. पडदा दोन भागांत विभागून दोघं एकाच वेळी खेळू शकता. एकाने बाणांच्या कळा घ्याव्यात, दुसऱ्याने गेमपॅड. साधा यूएसबीचा गेमपॅड लावला की बहुतेक वेळा लगेच ओळखला जातो, कारण त्यांचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात.

तुम्हाला एकट्याला दुपारी काही हवं असेल तर ओपनटीटीडी घ्या: रेल्वे टाका, स्टेशनं बांधा, सिग्नल चुकवून दोन गाड्या एकमेकींसमोर अडकवून ठेवा. माझ्या तशा चार अजून अडकलेल्या आहेत.

आणि बबलगम रस्त्यावर टाकायचं बटण कोणतं, ते नातीला आधी सांगू नका. तिला ते तुमच्याआधी सापडणारच आहे.