बंदूक नुसती पाहिली तरी अंगाला कापरं भरतं. स्वसंरक्षणासाठी घ्यायचा विचार आहे, तर ही भीती कशी घालवावी?

माझीही हीच गत होती. टेबलावर पिस्तूल ठेवलेलं, मॅगझीन (काडतुसांची पेटी) काढलेलं, स्लाइड (वरचा सरकता भाग) मागे अडकवलेली, आत काडतूस नाही हे डोळ्यांना दिसतंय, तरी मी खुर्ची मागे सरकवली होती. त्यामुळे ‘घाबरू नका’ असं काही सांगत बसणार नाही.

आधी भीती नेमकी कशाची आहे ते बघा. माझी निम्मी आवाजाची निघाली. ९ एमएम पिस्तुलाचा बार १६० डेसिबलच्या आसपास जातो, आणि १४० च्या पुढचा एक बारही कानाला इजा करू शकतो. एवढ्या आवाजाला शरीर दचकणारच, त्यात भित्रेपणा कसला? कानात फोमचे बोळे आणि वरून इअरमफ, दोन्ही लावा. डोळ्यांना चष्मा हवाच. गरम पुंगळ्या कुठेही उडतात, माझ्या तर कॉलरमध्ये गेली होती. सुरुवात पॉइंट टू-टूनेच, म्हणजे लहान, हलक्या काडतुसाच्या पिस्तुलानेच करा. तिची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची, ९ एमएमची साडेसात-आठ ग्रॅमची. धक्क्यातला फरक हाताला लगेच कळतो.

तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकांनी मॅगझीन स्वतः भरलं आणि मला न सांगता मधे एक डमी, म्हणजे बार न होणारं खोटं काडतूस घातलं. चार बार झाले. पाचव्यांदा चाप ओढला तर नुसतं ‘टक्’. आवाज नाही, धक्का नाही, पण नळी मात्र सपकन खाली गेली. तोवर मला वाटायचं पिस्तूल मला हलवतंय. इथे तर मीच त्याला हलवत होते! बार व्हायच्या आधीच शरीर भिऊन घेत होतं.

मग रेंजवरच, काडतुसं दूर ठेवून, रिकाम्या पिस्तुलाचा सराव. पुढच्या टोकाला एक नाणं ठेवायचं आणि ते न पाडता चाप ओढायचा. (पॉइंट टू-टूवर हा सराव डमी घालूनच करा, नाहीतर बऱ्याच पिस्तुलांची काडतुसावर आपटणारी पिन चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसतं त्या खाचेच्या, कडेवर आदळते.) पंधरा दिवस नाणं पडत होतं. ते टिकायला लागलं तेव्हा घशाला पडणारी कोरडही थांबली.

उरलेली निम्मी भीती, म्हणजे ही वस्तू काय करू शकते याची, ती मात्र घालवू नका. अमेरिकी नेमबाजी-प्रशिक्षक जेफ कूपर यांचे चार नियम जगभर शिकवले जातात: प्रत्येक बंदूक भरलेलीच समजा, जे नष्ट करायचं नाही त्याच्यावर नळी रोखू नका, नेम धरेपर्यंत बोट चापावर नको, आणि लक्ष्य काय व त्याच्या मागे काय ते ओळखा. रेंजवर हे नियम मोडताना मी पाहिले ते नव्याने धीट झालेलेच.

भीती गेली म्हणून बंदूक घ्यायलाच हवी असं नाही. परवान्याचे नियम तुम्ही पाहालच. त्याआधी घरातली माणसं पाहा. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या सुमारे २.६ कोटी प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. हँडगन (पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर) नसलेल्यांच्या तुलनेत ती असलेल्या पुरुषांत बंदुकीने आत्महत्या होण्याचं प्रमाण जवळपास आठपट, बायकांत पस्तीसपट. घरात मुलं असतील तर आणखी एक पेच: पटकन हाताशी हवी म्हणाल तर ती त्यांच्याही हाताशी, आणि कुलपात ठेवून काडतुसं वेगळी ठेवली तर ऐन वेळी किल्ली शोधायची. आकडा दाबून उघडणारी छोटी तिजोरी हा मधला मार्ग आहे, पण मधलाच.

मी अजून घेतलेलं नाही. घरातलं एक माणूस वर्षभर नैराश्यातून जातंय, आणि तिजोरीचा आकडा त्याच्यापासून लपून राहील असं मला वाटत नाही. सध्या दाराला दणकट कुलूप बसवलंय, आणि महिन्यातून दोनदा रेंजवर जाते. परवा प्रशिक्षकांनी पुन्हा गुपचूप डमी घातलं होतं. नळी थोडी हललीच.